टाइमशेअर मुलांच्या नावावर करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आई-वडिलांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेली हॉलिडे क्लबची मेंबरशिप आता मुलांकडे कशी द्यायची, यावर सतत येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. भर भारतातल्या योजनांवर आहे. गोव्यातल्या आणि परदेशातल्या प्रकरणांसाठी प्रश्न १५ आणि १६ पाहा.

१. टाइमशेअर म्हणजे आमची मालमत्ताच ना? मग मुलांना फ्लॅटसारखी आपोआप मिळेल?

बहुतेकांच्या बाबतीत नाही. भारतात विकली गेलेली बहुतांश टाइमशेअर सभासदत्वे ही वापराचा हक्क देणारी आहेत. ठरावीक वर्षे, दरवर्षी ठरावीक रात्री, ठरावीक सीझनमध्ये आणि ठरावीक आकाराच्या खोलीत राहण्याचा हा करार असतो. रिसॉर्टच्या जमिनीत किंवा इमारतीत तुमचा हिस्सा नसतो. त्यामुळे सातबारा नाही, प्रॉपर्टी कार्ड नाही आणि तलाठ्याकडे करायची वारसनोंदही नाही. नाव बदलते ते कंपनीच्या नोंदवहीत, आणि ते कोणत्या अटींवर बदलायचे हे करारात लिहिलेले असते.

तुमच्याकडे दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले खरेदीखत असेल तर मात्र प्रकरण वेगळे. तेव्हा तो स्थावर मालमत्तेतला हिस्सा ठरतो आणि हस्तांतरणाला मुद्रांक शुल्क व नोंदणी दोन्ही लागतात. कपाटातला कागद ‘सभासदत्व प्रमाणपत्र’ आहे की ‘खरेदीखत’, हे सगळ्यात आधी पाहा.

२. मुलांच्या नावावर केल्यावर मुदत पुन्हा नव्याने सुरू होते का?

होत नाही. २००३ साली घेतलेले २५ वर्षांचे सभासदत्व २०२८ मध्येच संपते, मग मधल्या काळात ते कितीही जणांच्या नावावर फिरो. मुलांना मिळतात ती उरलेली वर्षे. काही जुन्या योजना ९९ वर्षांच्या होत्या. तिथे मुदत भरपूर उरलेली असते, पण वार्षिक शुल्कही तितकीच वर्षे मागे लागते.

‘नावावर करताना थोडे पैसे भरा, मुदत वाढवून देतो’ असे कंपनीने सुचवले तर ती नवी विक्री आहे. तिचा निर्णय वेगळा घ्या. हस्तांतरणाच्या अर्जाबरोबर सही करून मोकळे होऊ नका.

३. मुलांना ते घेणे परवडेल की नाही, हे कसे ठरवायचे?

कागद-पेन घेऊन बसा. समजा वार्षिक शुल्क २२,००० रुपये आहे. १८ टक्के जीएसटी धरून ते २५,९६० होते. सात रात्री मिळतात, आणि तशीच खोली बाजारभावाने करासह ६,००० रुपयांना पडते, म्हणजे ४२,००० रुपये. दरवर्षी सातही रात्री वापरल्या तर फायदा १६,०४० रुपये. आठ वर्षे उरली असतील तर जास्तीत जास्त १,२८,३२० रुपये, त्यातून हस्तांतरण शुल्क वजा. पण मुलगा एक वर्ष आड गेला आणि न वापरलेल्या रात्री बुडाल्या, तर दोन वर्षांचे ५१,९२० रुपये भरून ४२,००० रुपयांचा मुक्काम मिळतो. म्हणजे दर दोन वर्षांना जवळजवळ दहा हजारांचा तोटा. तुमचे खरे आकडे टाकून हेच गणित करा, आणि शुल्क दरवर्षी वाढते हेही धरा.

दुसरी गोष्ट सीझनची. क्लब महिंद्राच्या पद्धतीत पर्पल, रेड, व्हाइट आणि ब्ल्यू असे सीझन असतात. पर्पल सर्वांत गर्दीचा, ब्ल्यू सर्वांत कमी मागणीचा. इतर कंपन्यांतही नावे वेगळी असली तरी अशीच उतरंड असते. निवृत्तीनंतर पावसाळ्यात जाणाऱ्या आजी-आजोबांना स्वस्त सीझन सोयीचा होता. शाळकरी मुले असलेल्या घराला मे महिना आणि दिवाळी सोडून सुट्टीच नसते. त्यांच्यासाठी तोच सीझन जवळपास निरुपयोगी.

आमचे स्पष्ट मत: मुलांना विचारल्याशिवाय नावावर करू नका. आई-वडील देतात ती सुट्टी, पण मुलांच्या खात्यातून दरवर्षी जाते ते शुल्क.

४. हयातीतच नावावर करावे की मृत्युपत्रात लिहावे?

मूल तयार असेल आणि तुम्ही स्वतः फारसे जात नसाल, तर हयातीत. मूळ सभासद समोर असतो, त्याची सही चालते, ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येतो. मृत्यूनंतर याच कामाला सगळ्या वारसांच्या सह्या, मृत्यूदाखला, प्रतिज्ञापत्र आणि हमीपत्र लागते.

एक अडचण आहे. हयातीत एकदा नाव बदलले की हक्क गेला. नंतर तुम्हाला जायचे झाले तर मुलाचे पाहुणे म्हणून जावे लागेल. तो धोका नको असेल तर कंपनी सहसभासद जोडू देते का ते विचारा. देत असेल तर पती-पत्नींपैकी एक आणि एक मूल अशी जोडी सर्वांत सोयीची. मात्र एक सभासद गेल्यावर दुसऱ्याला सगळे आपोआप मिळते की तिथेही वारसांची एनओसी (ना-हरकत दाखला) लागते, हे लेखी घ्या. दोन्ही पद्धती चालतात.

५. हयातीत हस्तांतरण करायचे तर नेमके काय करावे लागते?

सुरुवात थकबाकीपासून करा. कंपनीला ईमेल करून आजची एकूण बाकी, उरलेली मुदत, साठलेल्या रात्री आणि नातेवाइकाच्या नावे हस्तांतरणाचे शुल्क, या चार गोष्टी लेखी मागा. एक रुपयाही बाकी असेल तर अर्ज पुढे सरकत नाही. मूळ किंमत हप्त्यांनी भरली असेल आणि ते कर्ज एखाद्या वित्तसंस्थेचे असेल, तर तिचा ना-हरकत दाखलाही लागतो.

मग हस्तांतरण अर्ज, मूळ प्रमाणपत्र, दोघांचे आधार-पॅन, फोटो आणि नात्याचा पुरावा. नात्यासाठी मुलाचा जन्मदाखला किंवा पासपोर्ट उत्तम. शाळा सोडल्याचा दाखलाही बऱ्याचदा चालतो. मूळ प्रमाणपत्र हरवले असेल तर ते हरवल्याची पोलीस तक्रार आणि प्रतिज्ञापत्र. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांच्या मुद्रांकाची जागा ५०० रुपयांनी घेतली आहे. जुना १०० चा कागद घेऊन नोटरीकडे गेलात तर परत यावे लागेल.

अर्ज अडकतो तो बहुधा नावावरून. करारावर इंग्रजी आद्याक्षरे, आधारवर पूर्ण नाव, मुलीच्या दाखल्यावर माहेरचे आडनाव आणि पॅनवर सासरचे. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला आधीच जोडून टाका.

शेवटी दोन कामे राहतात आणि बहुतेक जण ती विसरतात. वडिलांच्या खात्यातून शुल्क कापून घेण्याची बँकेतली ऑटो-डेबिट सूचना रद्द करणे, आणि नोंदलेला मोबाइल व ईमेल बदलणे. आरसीआयसारख्या एक्स्चेंज कंपनीचे (आपल्या रात्री देऊन दुसऱ्या रिसॉर्टमध्ये मुक्काम बदलून देणारी कंपनी) सभासदत्व असेल तर ते वेगळे खाते आहे. तिथले नाव आपोआप बदलत नाही.

६. नॉमिनी म्हणून मुलाचे नाव आहे. आणखी काही करायची गरज आहे?

आहे. नॉमिनी म्हणजे कंपनीने कोणाशी बोलायचे याची सोय. मालक कोण हे वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवते. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात हेच स्पष्ट केले: नामनिर्देशनाने नॉमिनी पूर्ण मालक होत नाही, वारसांचा हक्क कायम राहतो. शेअर्स आणि विम्याला नामनिर्देशनाचा निदान कायदा तरी आहे. टाइमशेअरमधले नामनिर्देशन नुसते कंपनीच्या अर्जातल्या रकान्यावर उभे असते.

तरीही रकाना रिकामा ठेवू नका. नॉमिनी असेल तर पत्रव्यवहार लवकर सुरू होतो. नॉमिनी आणि मृत्युपत्रातला लाभार्थी ही एकच व्यक्ती ठेवा, म्हणजे वादाला जागा उरत नाही.

७. मृत्युपत्रात हे कसे लिहायचे?

‘माझी सर्व स्थावर-जंगम मालमत्ता’ एवढ्यावर सोडू नका. कंपनीच्या कारकुनाला सभासद क्रमांक दिसला की काम सोपे होते. असे काहीसे लिहा:

‘माझ्या नावे असलेले अमुक कंपनीचे सभासदत्व, क्रमांक अमुक, करार दिनांक अमुक, त्यातील उरलेल्या मुदतीचे सर्व हक्क, साठलेल्या रात्री आणि कंपनीकडून परत मिळण्याजोगी कोणतीही रक्कम मी माझी मुलगी अमुक हिला देत आहे. तिने ते घेण्यास नकार दिल्यास ते माझा मुलगा अमुक याला द्यावे. दोघांनीही नाकारल्यास माझ्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने ते कंपनीला परत करावे. माझ्या मृत्यूच्या तारखेपर्यंतची थकबाकी माझ्या बँक खात्यातील रकमेतून फेडावी.’

नकाराची आणि थकबाकीची वाक्ये गाळू नका. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदार लागतात. ज्याला लाभ मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका.

८. वडील अचानक गेले. मृत्युपत्र नाही, नॉमिनी नाही. आता?

मृत्यूदाखल्याच्या आठ-दहा प्रती काढा. बँका, विमा, सोसायटी सगळीकडे लागतातच. मग कंपनीला मृत्यू कळवणारे पत्र द्या आणि त्यांच्या वारस-हस्तांतरणाच्या कागदांची यादी मागा. साधारणपणे ती अशी असते: मृत्यूदाखला, सर्व वारसांची यादी देणारे प्रतिज्ञापत्र, ज्याच्या नावावर करायचे त्याच्यासाठी इतरांची एनओसी, उद्या कोणी दावा केला तर कंपनीची भरपाई करण्याचे हमीपत्र आणि केवायसी.

एनओसीवर कोणाची सही हवी, इथे घोळ होतो. हिंदू पुरुष मृत्युपत्राविना गेला तर पत्नी, मुलगे आणि मुली यांच्याबरोबर त्याची आईही पहिल्या वर्गातली वारस असते. आजी हयात असेल तर तिची सही लागते. घरोघरी हीच सही राहते आणि अर्ज परत येतो. वडील (म्हणजे आजोबा) मात्र दुसऱ्या वर्गात. तुमच्या आधी वारलेल्या भावाची किंवा बहिणीची मुले असतील तर त्यांचाही हिस्सा आहे. सभासद आई असेल तर वारस पती, मुलगे आणि मुली.

रक्कम मोठी असेल किंवा वाद असेल तर कंपनी न्यायालयाचा कागद मागते. महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली दिवाणी न्यायालयातून वारस दाखला मिळतो. कंपनीकडून परतावा वसूल करायचा असेल तर भारतीय वारसा अधिनियम, १९२५ खालचे उत्तराधिकार प्रमाणपत्र. तीन-चार वर्षे उरलेल्या सभासदत्वासाठी न्यायालयात जाणे बहुधा परवडत नाही. तसे कंपनीला सांगून हमीपत्रावर भागते का ते आधी पाहा.

९. वडिलांच्या नावाने आधीच बुकिंग झाले आहे. त्यावर आम्ही जाऊ शकतो?

कंपनीला कळवून बुकिंगवरचे नाव बदलून घेतले तरच. न कळवता गेलात तर रिसेप्शनवर ओळखपत्र मागतात आणि पंचाईत होते. शिवाय सभासदत्व घ्यायचे की नाही हे ठरले नसेल तर बुकिंग रद्दच करा. कारण पुढच्या प्रश्नात.

१०. थकबाकी पाच वर्षांची आहे. ती आम्हा मुलांना भरावीच लागेल?

स्वतःच्या खिशातून नाही. मृत व्यक्तीच्या देण्यांसाठी वारस जबाबदार असतो, पण त्याला मिळालेल्या वारशाच्या मर्यादेत. वडिलांनी दोन लाखांच्या ठेवी मागे ठेवल्या असतील तर येणे तिथपर्यंत मागता येते. काहीच ठेवले नसेल तर मुलाच्या पगारातून वसुली होत नाही.

ही ढाल टिकवायची तर तीन गोष्टी टाळा. हस्तांतरण अर्जावर सही करू नका, ‘तात्पुरते’ म्हणून शुल्क भरू नका आणि त्या सभासदत्वावर राहायला जाऊ नका. यातल्या एकानेही तुम्ही करार स्वीकारला असे म्हणायला कंपनीला आधार मिळतो. त्याऐवजी मृत्यूदाखल्याची प्रत जोडून स्पीड पोस्टने पत्र पाठवा: सभासदाचे निधन झाले, आम्हा वारसांना सभासदत्व नको, ते रद्द करून तसे लेखी कळवावे, करारानुसार परतावा असल्यास द्यावा. खाली सगळ्या वारसांच्या सह्या.

वसुली एजंट घरी किंवा फोनवर धमकावू लागला तर हेच पत्र दाखवा आणि बोलणे लेखीच करा.

११. दोन मुले आहेत. अर्धे-अर्धे करता येईल का?

सात रात्रींचे सभासदत्व साडेतीन-साडेतीन रात्रींत तोडून कंपनी देत नाही. एकाच्या नावावर करा आणि भावंडांत साधा लेखी समझोता करा: सम वर्षी एकाने जायचे, विषम वर्षी दुसऱ्याने, जो जाईल त्याने त्या वर्षाचे शुल्क भरायचे. दुरुस्ती किंवा अपग्रेडचा जादा खर्च निम्मा-निम्मा. पाहुण्यांच्या नावे बुकिंगला काही कंपन्या वेगळे पैसे घेतात, तेही लिहून ठेवा.

दोन वेगळी सभासदत्वे असतील तर मात्र एक-एक वाटून टाका. नसता गुंता कशाला?

१२. नातू लहान आहे. थेट त्याच्याच नावावर करावे का?

अठरा वर्षांखालच्या मुलाला करार करता येत नाही, त्यामुळे कंपनी त्याला सभासद करत नाही. मृत्युपत्रात नातवाचे नाव लिहिता येते. पण तो सज्ञान होईपर्यंत कोणाच्या नावावर राहील आणि शुल्क कोण भरेल, हे त्यातच लिहा. मुदत आठ वर्षे उरली असेल आणि नातू दहा वर्षांचा असेल, तर तो अठरा होईपर्यंत सभासदत्वच संपलेले असेल.

१३. सून, जावई, पुतण्या किंवा भाचीला देता येते का?

देता येते. फरक पडतो तो शुल्कात. कंपन्या ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या करारात देतात. बहुधा त्यात पती-पत्नी आणि मुले येतात, कधी आई-वडील आणि भावंडेही. त्या व्याख्येत बसणाऱ्याला हस्तांतरण स्वस्त किंवा मोफत. बाहेरच्याला त्रयस्थाला विकल्यासारखे शुल्क. विवाहित मुलगी ‘मुले’ या शब्दातच येते. कोणी वेगळे सांगितले तर व्याख्या दाखवा. पुतण्याला द्यायचे असेल तर आधी भावाच्या नावावर आणि मग त्याच्या मुलाच्या नावावर असे दोन टप्पे कधी स्वस्त पडतात, कधी दुप्पट. दोन्ही आकडे विचारून घ्या.

१४. मुलाला कर भरावा लागेल का?

भारतात १९८५ पासून वारसा कर नाही. आई-वडील, आजी-आजोबा, भावंडे, काका-मामा-मावशी-आत्या अशा नातेवाइकांकडून मिळालेल्या भेटीवर प्राप्तिकरही लागत नाही. भेटीचे एक साधे पत्र मात्र करून ठेवा. वार्षिक शुल्कावरचा जीएसटी नव्या सभासदाला भरावा लागतोच, आणि हस्तांतरण शुल्काच्या आकड्यात तो धरला आहे की नाही ते विचारा.

१५. आम्ही गोव्याचे आहोत. आम्हाला हेच लागू होते का?

रिसॉर्ट गोव्यात आहे एवढ्याने काही बदलत नाही. सभासद मूळचा गोव्याचा असेल तर बदलते. गोव्यात सगळ्या धर्मांना एकच नागरी संहिता आहे. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक असते. म्हणजे वडिलांच्या नावचे सभासदत्व सर्वसाधारणपणे निम्मे आईचेच. उरलेल्या निम्म्यापैकीही अर्ध्या भागावर मुलांचा हक्क राखीव आहे. मृत्युपत्राने तो डावलता येत नाही.

म्हणून हयातीत एका मुलाच्या नावावर करताना पती-पत्नी दोघांच्या सह्या घ्या. मृत्यूनंतरची कामे २०१२ च्या गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियमाखाली चालतात. पुण्या-मुंबईतल्या कंपनी कार्यालयाला ही पद्धत अनेकदा माहीत नसते आणि ते महाराष्ट्राचे फॉर्म पुढे करतात. विशेष नोटरीसमोर केलेल्या वारस-दस्ताची प्रत सोबत द्या.

१६. काकांनी अमेरिकेत असताना फ्लोरिडात एक आठवडा घेतला होता. तो भारतातल्या पुतण्याला नको आहे.

तिथले बरेच आठवडे खरेदीखताने विकलेले असतात, म्हणजे ती त्या राज्यातली स्थावर मालमत्ता. काका न्यू जर्सीत राहत असले तरी फ्लोरिडातल्या आठवड्यासाठी फ्लोरिडातच वेगळी प्रोबेट कार्यवाही (वारसा मिळवण्याची न्यायालयीन प्रक्रिया) लागू शकते. चांगली बाजू अशी, की वारसाला लेखी नकार देता येतो. अमेरिकेच्या संघीय करकायद्यात ग्राह्य धरला जायला तो मृत्यूनंतर ९ महिन्यांत आणि काहीही लाभ घेण्याआधी द्यावा लागतो. एकदा जाऊन राहून आलात की संधी गेली.

काका हयात असतील तर त्यांना सांगा, खरेदीखतावर पुतण्याचे नाव जोडू नका. नाव चढले की देखभाल शुल्काची जबाबदारी त्याच्याही गळ्यात.

१७. मुलगा परदेशात आहे. त्याला इथे यावेच लागेल का?

नाही. तो इथल्या बहिणीला किंवा आईला मुखत्यारपत्र देऊ शकतो. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांत तिथल्या नोटरीनंतर अपोस्टिल (परदेशात चालणारे तिथल्या सरकारचे साक्षांकन) करून घ्यावे. संयुक्त अरब अमिरातीत भारतीय वकिलातीतून साक्षांकन करावे. कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. मजकुरात ‘सभासदत्व हस्तांतरित करणे, एनओसी देणे, हमीपत्रावर सही करणे’ असे स्पष्ट शब्द हवेत. ‘सर्व कामे’ असे लिहिलेले मुखत्यारपत्र कंपन्या परत पाठवतात.

१८. ‘तुमचे सभासदत्व विकून देतो, आधी कर भरा’ असा फोन आला. खरे असेल?

धरून चाला की खोटे आहे. जुन्या सभासदांच्या याद्या बाजारात फिरतात, त्यामुळे समोरच्याला तुमचा सभासद क्रमांकही माहीत असतो. गिऱ्हाईक तयार आहे, आधी हस्तांतरण शुल्क किंवा जीएसटी पाठवा, परतावा मंजूर झालाय पण ‘प्रोसेसिंग’ बाकी आहे, अशी ही भाषा. नवरा नुकताच गेलेल्या बाईला असे फोन जास्त येतात. पैसे फक्त कंपनीच्या बिलावर छापलेल्या खात्यात भरा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता सर्वाधिक.

१९. सगळे कागद दिले, तरी कंपनी नाव बदलत नाही.

आधी तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानेही भागले नाही तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली ग्राहक आयोग. मृत ग्राहकाचा वारसही तक्रार करू शकतो, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच. करारात ‘वाद फक्त अमुक शहरातल्या लवादापुढे’ असे छापले असले तरी ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंत फी नाही. वकील सक्तीचा नाही.

मुदत दोन वर्षांची, कारण घडल्यापासून. म्हणून कंपनीचा नकार तारखेसह लेखी घ्या. ‘प्रक्रिया सुरू आहे’ असे फोनवर ऐकण्यातच अनेकांची दोन वर्षे निघून जातात.

२०. कंपनीच दिवाळखोरीत गेली तर वारसाला काही मिळते?

राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने दिवाळखोरी प्रक्रिया सुरू केली की जाहीर नोटीस निघते आणि दावे दाखल करण्याची तारीख त्यात असते. नाव बदललेले नसले तरी मृत्यूदाखला, करार आणि पावत्या जोडून वारस म्हणून दावा करा. नाव बदलेपर्यंत थांबलात तर तारीख उलटेल. त्या काळात कंपनीवरचे नवे-जुने दावे स्थगित असतात, ग्राहक आयोगातली तक्रारही पुढे जात नाही. आणि वार्षिक शुल्काची मागणी येत राहिली तर रिसॉर्ट उघडे आहे का, बुकिंग मिळते का, हे आधी फोन करून पाहा. मगच पैसे भरा.